चासी आधी, रंग नंतर : एका फौजी जीपच्या नोंदी

८ जानेवारी

वही आजपासून सुरू. गेली काही वर्षं नुसतं बघणं, वाचणं, दुसऱ्यांच्या गाड्यांखाली वाकून डोकावणं एवढंच चाललं होतं, आता ठरवलंय की दुसऱ्या महायुद्धातली एक खरी जीप शोधायची, घ्यायची आणि स्वतःच्या हाताने चालती करायची. जे तपासेन ते तारखेनिशी इथे लिहिणार, कारण दहा गाड्या बघितल्या की कुठला गंज कुठल्या गाडीचा तेच आठवत नाही.

लँड रोव्हर, युनिमॉग, पिंझगावर सगळ्या आवडतात पण मन अडकलंय ते विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूवर. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारलं की आम्हाला हलकी, चारही चाकं ओढणारी छोटी गाडी हवीये, आणि मुदत इतकी कमी दिली की बहुतेकांनी नादच सोडला. बॅंटम नावाच्या छोट्याशा, जवळपास बुडालेल्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरला बोलावून आराखडा करून घेतला आणि २३ सप्टेंबर १९४० ला पहिली गाडी कॅम्प होलाबर्डला, सैन्याच्या गाड्या तपासायच्या तळावर, नेऊन उभी केली. पुढे सैन्याने ते आराखडे विलीजला आणि फोर्डला पण बघू दिले, शेवटी विलीजची गाडी निवडली गेली ती मुख्यतः इंजिनामुळे, आणि विलीज एकटी पुरी पडेना म्हणून त्याच डिझाइनवर फोर्डकडूनही बनवून घेतल्या. दोघांच्या मिळून साधारण साडेसहा लाखाच्या आत-बाहेर. बॅंटमच्या वाट्याला नंतर ट्रेलर बनवणं आलं, ह्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

जीपीडब्ल्यूचा अर्थ लोक 'जनरल पर्पज' सांगतात तो बरोबर नाही. जी म्हणजे सरकारी, पी हा फोर्डचा ८० इंची व्हीलबेससाठीचा (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा) कोड, आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन.

२१ जानेवारी

पहिली गाडी बघितली. जाहिरातीत 'ओरिजिनल एमबी १९४४' लिहिलेलं, रंग एकदम ताजा, बॉनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, बाजूला फावडं-कुऱ्हाड, डॅशवर तिन्ही पितळी माहितीपट्ट्या चकचकीत. बघताच छाती भरून आली, खोटं कशाला बोलू.

मग लोहचुंबक काढला. मागच्या पत्र्यावर दोन जागी चुंबक धरेचना, म्हणजे खाली पुट्टी. बोट फिरवलं तर दोन उभ्या रेषा लागल्या, टेलगेट, म्हणजे मागचं उघडणारं फळकूट, वेल्डिंग करून कायमचं बंद केलेलं. एमबीला टेलगेट नसतंच, मागचा पत्रा अखंड असतो. मग डाव्या बाजूला सीटच्या मागे बघितलं तर तिथेही तळहाताएवढा पुट्टीचा गोल, तो पेट्रोल भरायच्या तोंडाचा. फौजी जीपमध्ये टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते आणि पेट्रोल टाकायला सीटची गादीच उचलावी लागते, बाजूने भरायची सोय पुढच्या सिव्हिलियन सीजे-२ए ला आली. इंजिनावरचा नंबर पण जे ने सुरू होणारा. म्हणजे सीजे-२ए ला रेडिएटरपुढे नऊ फटींची नवी जाळी बसवून एमबी केलेली (सिव्हिलियनला सात फटी, फौजीला नऊ).

सीजे-२ए ही काही वाईट गाडी नाही, उलट नावाने सीजे-२ए म्हणून विकली असती तर मी कौतुकाने बघितली असती. पण ज्याने हे केलंय त्याने एक चांगली गाडी बिघडवून तिला दुसऱ्याचं नाव दिलं ह्याचा राग आला. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला "पट्ट्या बघा ना साहेब, सगळं लिहिलंय". पट्ट्या आता नव्या बनून मिळतात, हव्या त्या नंबरच्या. पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही हा पहिला धडा.

४ फेब्रुवारी

लँड रोव्हर सिरीज टू-ए, फौजेतून निघालेली. मूळ यादीत नव्हती पण रस्त्यात होती म्हणून गेलो. लँड रोव्हरचा जन्मही जीपमधूनच झाला, मॉरिस विल्क्सच्या शेतावर युद्धानंतर उरलेली एक विलीज होती तिला पर्याय म्हणून, आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये ऍम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली. पोलादाची टंचाई होती म्हणून बॉडी ऍल्युमिनियमची. त्यामुळेच लोक फसतात, बॉडी बघून म्हणतात गंज नाही, आणि खाली लोखंडी चासी (गाडीचा सांगाडा) आणि डॅशच्या मागची लोखंडी भिंत पोकळ झालेली. ह्या गाडीचंही तेच, चासीच्या बाजूला निघालेल्या आडव्या आधारांवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली तर टण्ण ऐवजी बद्द आवाज. ऍल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकाला चिकटतात तिथे ओल लागली की ऍल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन खाल्लं जातं, ते दरवाजाच्या खालच्या कडेला हाताला लागलं. सोडली.

११ फेब्रुवारी

युनिमॉग ४०४ चालवायला मिळाली. पोर्टल ऍक्सल म्हणजे चाकाच्या मध्यापेक्षा ऍक्सल वर, हबमध्ये वेगळे गिअर, त्यामुळे पोटाखालून मोकळी जागा इतकी की मी जवळपास बसूनच आत गेलो. आत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, बाहेरून ट्रक आणि आवाज मोटारीचा. मोह झाला. पण शेडच्या दारातून आत जाणार नाही आणि पेट्रोल किती पिते ते मालकानेच सांगितलं.

एम १५१, म्हणजे एमबीनंतरच्या काळातली अमेरिकन फौजी जीप, पण एक सुचवली होती कुणीतरी. ती मला लांबूनच बरी. तिची मागची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, जोरात वळवली की चाक आत दुमडून गाडी उलटायची, त्यासाठी सैन्याला नंतर मागचं सस्पेन्शन बदलावं लागलं. अमेरिकेत तर फौजेतून काढताना बऱ्याच जणी मधोमध कापूनच विकल्या, त्यामुळे आज एम १५१ बघताना पहिल्यांदा बॉडीवर आडवी वेल्डिंगची रेघ शोधायची.

२६ फेब्रुवारी

निरोप आला. ओळखीच्या वेल्डर दादाने सांगितलं, "एका काकांच्या शेडमध्ये एक जुनी डावखुरी, डाव्या बाजूला स्टीअरिंग असलेली जीप उभी आहे, वीसेक वर्षं हललेली नाही, विकायचं मनात नाही पण बघू देतील." जाहिरात नाही, फोटो नाही, हे ऐकूनच झोप लागली नाही. माझा अनुभव असा की चांगल्या गाड्या जाहिरातीत फार उशिरा येतात, आधी त्या कुणाच्यातरी तोंडी असतात, आणि हे तोंड बहुतेक वेळा वेल्डरचं, टायरवाल्याचं नाहीतर भंगारवाल्याचं असतं. म्हणून ह्या तिघांना भेटत राहायचं, काम नसलं तरी.

२ मार्च

आज गेलो. मोठी नोंद आहे, पण ही नीट लिहायलाच हवी.

शेडचं दार उघडलं तर आधी फक्त धूळ आणि ताडपत्री. काकांनी ताडपत्री ओढली, खाली निळा रंग, ब्रशने मारलेला. निळा बघून वेल्डर दादाचं तोंड उतरलं, माझं उलट झालं. ज्या माणसाने निळा रंग ब्रशने मारला त्याला गाडी फौजी दाखवून विकायची नव्हती, त्याने खोटं काही केलेलं असायची शक्यता कमी.

जाळी नऊ फटींची, पत्र्यातून दाबून काढलेली. सुरुवातीच्या एमबींना चपट्या लोखंडी पट्ट्या वेल्ड केलेली जाळी असायची, एका पत्र्यातून ठोकून काढलेली हलकी जाळी फोर्डने आणली आणि मग विलीजनेही तीच घेतली. जाळीवरून मात्र काही ठरत नाही, जाळी चार बोल्टांत बदलते. म्हणून सरळ खाली झोपलो.

रेडिएटरच्या खाली चासीचा पुढचा आडवा दांडा असतो. एमबीला तो गोल नळीचा आणि फोर्डला उलट्या यू आकाराचा, कडा असलेला. हात घातला, कड लागली. तिथेच पडल्या पडल्या ओरडलो "काका, फोर्ड आहे ही". काका म्हणाले, "अरे आम्ही तर आयुष्यभर विलीज म्हणतोय".

मग नंबर. एमबीचा नंबर एका छोट्या पट्टीवर, डाव्या चासीच्या पुढच्या टोकाला आतून रिव्हेट केलेला, म्हणजे रिव्हेट तोडले की पट्टी दुसऱ्या चासीवर. जीपीडब्ल्यूचा मात्र चासीच्या लोखंडातच ठोकलेला, डाव्या दांड्याच्या वरच्या पृष्ठावर, इंजिनाच्या माउंटिंगजवळ. त्या जागेवर ग्रीस, माती आणि निळा रंग ह्यांचा अर्धा बोट थर होता. इथे ग्राइंडर लावणारे लोक बघितलेत मी, दोन सेकंदात ऐंशी वर्षांचा नंबर पुसून टाकतात. मी आधी लाकडी पट्टीने ग्रीस खरवडलं, मग रंग काढायचं द्रव लावून वाट बघितली, चिंधीने पुसलं, परत लावलं, परत पुसलं. असं चार वेळा. चौथ्या वेळेस टॉर्च सरळ न धरता एकदम आडवी, दांड्याला लागून धरली आणि जी दिसला, नुसती सावली. मग पी. मग डब्ल्यू, मग एक सहा आकडी नंबर, एकने सुरू होणारा, शेवटचा आकडा थोडा तिरका बसलेला, ठोकणाऱ्याचा हात सरकला असणार. त्या तिरक्या आकड्यावर मी किती वेळ बोट ठेवून होतो ते वेल्डर दादाला विचारा.

त्यानंतर बोल्ट. फोर्डने आपल्या बऱ्याच भागांवर आणि बोल्टांच्या डोक्यावर एफ ठोकला होता, स्वतःचं नाव गाडीवर घालायला सैन्याने १९४२ मध्ये बंदी केली तरी हा छोटा एफ राहिला. मागच्या टोइंग हुकावर एफ, पाट्यांच्या शॅकलवर एफ, बंपरच्या चार बोल्टांपैकी दोनावर एफ. कुणीतरी कधीतरी दोन बदलले, ठीक आहे.

आता वाईट बाजू. ह्या जीपच्या फरशीखाली टोपीच्या आकाराचे पत्र्याचे आडवे चॅनेल असतात आणि त्यांच्या आत चक्क लाकूड भरलेलं असतं. ते लाकूड पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून रंग शाबूत दिसतो. टोच्याने दाबलं तर डावीकडचा चॅनेल वाळक्या पापडासारखा फुटला आणि आतून काळं, ओलसर, भुसा झालेलं लाकूड बाहेर आलं. सीटखालची टाकीची खोलगट जागा पण गेलेली, मागच्या दोन्ही टूलबॉक्सचे तळ गेलेले. हे तिन्ही प्रत्येक जीपमध्ये जातातच, त्यामुळे घाबरलो नाही. पत्रा नवा घडवता येतो, पूर्ण बॉडीसुद्धा नवी बनून मिळते. चासी मात्र एकच.

म्हणून चासीवर जास्त वेळ घालवला. चारही कोपऱ्यातल्या पाट्यांच्या पिनांपासून दोरी तिरकी लावून दोन्ही कर्ण मोजले, चार मिलिमीटरचा फरक, चालेल. डाव्या दांड्यावर स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांजवळ केसाएवढी भेग आहे, तिथे सगळा ताण येतो. तेवढी सोडली तर वेल्डिंगचा एकही जुना डाग नाही. ऐंशी वर्षांच्या कामाच्या गाडीला हे फार झालं.

जाताना काका म्हणाले, "किंमत नंतर बोलू. तू आधी सांग, हिचं काय करणार?" मी म्हटलं, "काका, चालवणार." "कापणार नाहीस ना? मोठी चाकं घालायला मडगार्ड कापतात बघ." मी म्हटलं, "कापणार नाही."

३ मार्च

काकांनी आजही येऊ दिलं, इंजिन बघायला. उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या मागे ब्लॉकवर नंबर असतो, तिथे एमबी आणि आकडे. म्हणजे फोर्डच्या चासीत विलीजचं इंजिन. युद्धातलंच आहे, पुढच्या बाजूला टायमिंग चेनचं कव्हर आहे, सिव्हिलियन इंजिनांना नंतर चेन जाऊन गिअर आले.

ह्या इंजिनाबद्दल दोन शब्द लिहितोच. गो-डेव्हिल म्हणतात त्याला, १३४ घनइंच म्हणजे २.२ लिटर, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. बार्नी रूस नावाच्या इंजिनिअरने विलीजच्या जुन्या मोटारीच्या इंजिनावर एकेक सुधारणा करत ते इथपर्यंत आणलं. व्हॉल्व हेडमध्ये नाहीत, ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या शेजारी उभे, वर नुसतं सपाट झाकण. स्ट्रोक लांब, बोअर बारीक, त्यामुळे खालच्या आरपीएमला ओढ भरपूर. बॅंटमच्या गाडीपेक्षा ताकद खूप जास्त, पण गाडी सैन्याच्या वजनाच्या मर्यादेबाहेर जात होती, वजन कमी करायला विलीजला बोल्टांची लांबीसुद्धा छाटावी लागली, पण इंजिन सोडलं नाही.

प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, तासभर थांबलो, मग जाळीतून हँडल घालून हाताने फिरवलं. पहिल्यांदा अडलं. जोर केला नाही, मागे-पुढे, मागे-पुढे हलवत राहिलो आणि एकदाचं सुटलं, हँडलमध्ये एकेक कॉम्प्रेशन हाताला लागत होतं, एक दोन आणि मग एक पोकळ. तिसरा सिलिंडर. जादाचं तेल फिरवून बाहेर काढलं आणि काकांच्या ट्रॅक्टरमधून सहा व्होल्टची सोय होईना म्हणून माझी सोबत आणलेली बॅटरी लावून गेज लावला: ९४, ९०, ४५, ९२ पीएसआय. तिसऱ्यात परत चमचाभर तेल टाकून घेतलं तर ४८. रिंग गेलेल्या असत्या तर तेलाने रीडिंग चांगलंच वर गेलं असतं, गेलं नाही म्हणजे व्हॉल्व. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत एखादा व्हॉल्व उघडा राहून गाइडमध्ये चिकटतो. ब्लॉकला भेग असण्याची भीती मात्र मनात आहे, एक्झॉस्ट व्हॉल्वची सीट आणि सिलिंडर ह्यांच्या मधल्या पुलावर ह्या ब्लॉकना भेग जाते. ते हेड काढल्याशिवाय कळणार नाही आणि दुसऱ्याच्या गाडीचं हेड आपण काढत नाही.

९ मार्च

कागद. इथे घोळ निघाला. कागदावर एकच नंबर आहे आणि तो इंजिनाचा. गाडी 'विलीज' म्हणून लागलेली, चासी नंबरच्या रकान्यातही इंजिनाचाच नंबर. ज्याने पहिल्यांदा नोंद केली त्याला बॉनेट उघडल्यावर जो नंबर दिसला तो लिहिला. ह्यात फसवणूक कुणाची नाही पण असे कागद घेऊन गाडी विकत घेतली की नंतर आपलंच डोकं धरून बसायची वेळ.

एका ओळखीच्या माणसाने उपाय सुचवला, की चासीवरचा नंबर भरून टाक आणि कागदावरचा नंबर तिथे ठोक, अर्ध्या तासाचं काम. मी फोनच ठेवला. गुन्हा तर आहेच, पण त्या तिरक्या आकड्यावर पुट्टी? काकांशी बोललो, ठरलं असं की आधी नोंद दुरुस्त करायची, मग पैसे, तोपर्यंत मी विसार दिलाय आणि दोघांच्या सहीने कागदावर लिहिलंय. चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतला, पातळ कागद ठेवून आडवी पेन्सिल घासत. सहाही आकडे उमटले.

६ मे

दोन महिने गेले. तपासणी, फोटो, परत तपासणी, एकदा फाइलच सापडेना. झालं शेवटी. कागदावर आता फोर्ड, चासीचा नंबर वेगळा, इंजिनाचा वेगळा, जे आहे तेच. आजच काकांना पूर्ण पैसे दिले.

१० मे

गाडी आणली. निघताना एक नुकसान झालं. पुढच्या चाकांची हवा धरत नव्हती म्हणून चाकं बदलायला घेतली, मदतीला आलेल्या मुलाने डाव्या चाकाचा नट नेहमीच्या दिशेने सोडवायला पाना घातला आणि पाइप लावून जोर दिला, स्टड तुटला. ह्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सैल पडू नये म्हणून. मी दोन पावलांवर उभा होतो आणि सांगायचं राहिलं, चूक पोराची नाही. कुणी जीप घेणार असाल तर चाकाला हात लावायच्या आधी हे सगळ्यांना सांगा.

१८ मे

हेड काढलं. भेग नाही!! पुलावर रंगद्रव टाकून, पुसून, भिंग लावून बघितलं, चारही सिलिंडर स्वच्छ. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व किंचित वर अडकलेला, गाइडमध्ये गंज. गंज सोडवायचं तेल रोज टाकतोय.

२३ मे

व्हॉल्व सुटला. चारही एक्झॉस्ट व्हॉल्व हाताने ग्राइंड पेस्ट लावून बसवले, नवीन गॅस्केट, हेड परत. कॉम्प्रेशन ९६, ९४, ९१, ९५.

१ जून

स्टार्टर मरतुकडा फिरत होता. नवा घ्यायच्या विचारात होतो, मग आठवलं की सहा व्होल्टला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, तारेतला थोडासा अडथळाही फार महाग पडतो. इंजिन आणि चासीच्या मधली अर्थची पट्टी सोडवली, दोन्ही टोकं आणि चासीची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली, कुणीतरी घातलेली मोटारीची बारीक बॅटरी केबल काढून जाड घातली. स्टार्टर गरकन फिरला. बारा व्होल्ट करून टाक असं दहा जणांनी सांगितलंय, नाही करणार, व्यवस्थित असेल तर सहा पुरतं.

सव्वाअकराला इंजिन सुरू झालं. आधी फक्त दोन सिलिंडर, मग तिसरा, धूर इतका की शेडमध्ये काही दिसेना, आणि मग अचानक चौथा आला आणि आवाज एकसारखा झाला. ह्या इंजिनाचा रिकाम्या गतीचा आवाज मला माहीत होता, दुसऱ्यांच्या गाड्यांचा. आपल्या शेडमध्ये ऐकणं वेगळं.

१५ जून

ब्रेक. चारही चाकांचे सिलिंडर जाम, सगळे नवे, पाइपही नवे. एकच सर्किट आहे, एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात, त्यामुळे इथे जुनं काही ठेवायचं नाही. स्टीअरिंग बॉक्सजवळची भेग वेल्डर दादाने उघडून, टोकाला भोक पाडून, मग भरली. भोक अशासाठी की भेग पुढे सरकू नये.

२९ जून

बॉनेट घासायला घेतलं. मशीन नाही, पाणी आणि बारीक पेपर, तळहाताएवढी एक खिडकी. निळा गेला, खाली लाल प्रायमर, त्याखाली करडा, त्याखाली एक चमकदार हिरवा जो फौजेचा नाही, आणि सगळ्यात खाली तो मातकट, अजिबात चमक नसलेला ऑलिव्ह ड्रॅब. खिडकी बाजूला वाढवत गेलो आणि एका जागी पेपरखालून फिकट काहीतरी यायला लागलं. थांबलो, अजून बारीक पेपर घेतला. दोन आणि शून्य. छोट्या पाव टनी ट्रकांच्या (सैन्याच्या हिशेबात जीप त्यातच) नोंदणी नंबरची सुरुवात वीसनेच व्हायची. पुढचे तीन आकडे वाचता येतात, उरलेले मागेच कुणीतरी घासून टाकलेत, आणि एकदम शेवटी एस. एस म्हणजे ह्या गाडीच्या विजेच्या खरखरीने रेडिओत अडथळा येऊ नये अशी तिची जोडणी केलेली होती. मग जाऊन बघितलं, बॉनेटच्या कडेला खरंच विणलेल्या तारेची पट्टी लावायची जागा आहे, पट्टी नाही पण दातेरी वायसर अजून तिथेच, रंगाखाली.

पूर्ण बॉनेट रंगवणार होतो. आता एवढा भाग तसाच ठेवणार, वरून फक्त पारदर्शक कोट.

१३ जुलै

एक ऑफर आली. एकाकडे जीपीडब्ल्यू नंबरचं इंजिन आहे, म्हणतो तुझी चासी फोर्ड, इंजिन फोर्ड घाल, गाडी 'करेक्ट' होईल, किंमतही वाढेल. दोन दिवस विचार केला, कारण मोह खरा होता, प्रत्येक बोल्टावर एफ शोधणाऱ्यांचा मला आदर आहे, त्यांच्यामुळेच आपल्याला आज कुठला भाग कुणाचा ते कळतं.

पण नाही घेणार. दोन्ही कंपन्यांचे भाग एकमेकात बसलेच पाहिजेत अशीच सैन्याची अट होती. दुरुस्तीच्या डेपोत जीप पूर्ण खोलून इंजिनं एकीकडे, ऍक्सल एकीकडे असे ढीग लावायचे आणि जोडताना हाताला येईल ते घालायचे, विलीज-फोर्ड कुणी बघत नव्हतं. फोर्डच्या चासीत विलीजचं इंजिन हाच तर त्या अटीचा पुरावा, माझ्यासमोर, चालू स्थितीत. तो काढून मी कारखान्यातून निघालेल्या दिवसाची नक्कल करायची, आणि मधली ऐंशी वर्षं? इंजिन राहणार.

२७ जुलै

पहिल्यांदा रस्त्यावर, साधारण दहा किलोमीटर. दुसऱ्या गिअरमध्ये ऍक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअर सुटून न्यूट्रलला येतो, टी-८४ गिअरबॉक्सची जुनी खोड, लिव्हर हाताने धरून ठेवावा लागतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर न खडखडता बसवणारी सोय) नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. कच्च्या रस्त्यावर पुढचा ऍक्सल जोडला, मग लो, म्हणजे हळू पण जास्त ओढीची पट्टी. पुढचा ऍक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही, आतून अडवलेलं आहे, आणि हे चांगलंय, नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या ऍक्सलवर गेला असता. लोमध्ये पहिल्या गिअरला पाय सोडून दिले तरी ती चढ चालत चढली.

परत यायला अंधार झाला आणि शेडच्या दारात इंजिन बंद पडलं. पेट्रोलच्या नळीत कचरा. तेव्हा हेडलाइटमागचा विंग नट (हाताने फिरवायचा, दोन पंखांचा) सैल केला, हेडलाइट बिजागरीवर वर उचलून मागे वळवला आणि उजेड सरळ कार्बोरेटरवर. अंधारात, हात भरलेले असताना, दुसऱ्या माणसाशिवाय दुरुस्ती करता यावी म्हणून कुणीतरी १९४० च्या दशकात हेडलाइटला बिजागरी लावली. मी त्या उजेडात नळी सोडवली, फुंकली, परत लावली.

३ ऑगस्ट

काका येऊन बघून गेले. खाली वाकून चॅनेल बघितले, नवीन लाकूड घातलंय का विचारलं. मी सांगितलं, घातलंय, पण आधी तेलात भिजवून आणि चॅनेलला खालून पाणी निघायला भोकं ठेवून. म्हणाले "आता एक चक्कर". दुसऱ्या गिअरला त्यांचा हात आपोआप लिव्हरवर गेला आणि तिथेच राहिला, म्हणजे ती खोड वीस वर्षांपूर्वीही होती.

१० ऑगस्ट

ट्रान्सफर केसमधून (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ऍक्सलला वाटणारी पेटी) तेल टपकतंय आणि गिअरबॉक्समधलं कमी होतंय. दोघांच्या मधल्या सीलमधून तेल इकडून तिकडे सरकतं. दोन्ही रिकामे करून मोजलं, गिअरबॉक्समध्ये कमी आणि ट्रान्सफरमध्ये साधारण तेवढंच जास्त. पुढच्या रविवारी दोन्ही खाली उतरवणार, दुसऱ्या गिअरचं कामही त्यातच. वेल्डर दादाला जॅक आणायला सांगितलंय.